वस्ताद वाँग फेइ-हुंग

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत आम्हीं शाळेच्या व्हरांड्यांतून पाहिलें, तों सातवी-आठवीचीं पांच-सहा मुलें मैदानाच्या कडेला विचित्र रीतीनें झोकांड्या खात होतीं. एक मागें कलंडे, दुसरा त्याला धरावयास जाई, इतक्यांत पहिला खालूनच निसटून त्याच्या पाठीवर थाप मारी. हातांचीं बोटें अशीं वळविलेलीं, जणूं एखादा अदृश्य पेला ओठांशीं धरला आहे. प्रथम आम्हांस राग आला. शाळेच्या आवारांत दारुड्याचें सोंग! परंतु जवळ जाऊन पाहतां असें दिसलें कीं, हा निव्वळ धिंगाणा नव्हता. पडतां पडतां सांवरण्याचा आणि सांवरतां सांवरतां मारण्याचा तो एक शिस्तीचा खेळ होता. चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, हाँगकाँगचा एक जुना चित्रपट मुलांनीं पाहिला होता. त्यांत एक व्रात्य मुलगा एका म्हाताऱ्या मद्यपी गुरूपासून कुंग फू शिकतो. त्या मुलाचें नांव काय, असें आम्हीं विचारलें. सर्वांनीं एका स्वरानें नटाचें नांव सांगितलें, जॅकी चॅन. नटाचें नव्हे, चित्रपटांतील मुलाचें नांव काय, असें पुन्हां विचारतांच सारीं गप्प झालीं.

म्हणून हा लेख. त्या मुलाचें नांव वाँग फेइ-हुंग. तो कोणा कथालेखकाच्या कल्पनेंतून जन्मलेला नाहीं. ह्या नांवाचे गृहस्थ चीन देशांतील कँटन शहरीं, म्हणजे हल्लींच्या ग्वांगझौ येथें, खरोखरच होऊन गेले. ते व्यवसायानें हाडवैद्य आणि विद्येनें मुष्टियोद्धे होते. त्यांस जाऊन शंभर वर्षें झालीं. त्यांच्या नांवावर निघालेल्या चित्रपटांची संख्या शंभराच्या वर आहे. एका माणसाच्या वांट्यास इतके चित्रपट आल्याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. आणि मौज अशी कीं, ज्या वाँगला पाहून आमचीं मुलें पोट धरून हंसलीं, त्या वाँगच्या खऱ्या आयुष्यांत हंसण्याजोगें फारच थोडें होतें. एका गंभीर, दुःखानें पोळलेल्या वैद्याचा हा व्रात्य पोर कसा झाला, आणि तसें होण्यांत त्या वैद्याचा मान गेला कीं राहिला, हें पाहण्यासारखें आहे.

वाँग ह्यांचा जन्म १८४७ सालीं चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतांत, फोशान शहराजवळच्या एका खेड्यांत झाला. (कोणी हें साल १८५६ असें देतात, आम्हीं रूढ साल घेतलें आहे.) तो काळ चीनला मोठा कठीण होता. त्यापूर्वीं पांचच वर्षें, १८४२ सालीं, अफूच्या पहिल्या युद्धांत पराभव पावून चीननें हाँगकाँग बेट इंग्रजांच्या स्वाधीन केलें होतें. ज्या अफूवरून हें युद्ध पेटलें, तिचा मोठा वांटा माळव्यांत पिकून आमच्याच मुंबई बंदरांतून कँटनकडे जात असे, हें येथें नमूद करणें आम्हांस भाग आहे. पुढें वाँग तीन वर्षांचे असतांना तैपिंग बंड उसळलें, आणि तें शमावयास १८६४ साल उजाडलें. बंडाळी, दुष्काळ आणि बेकारी ह्यांनीं गांजलेल्या त्या प्रांतांत गरिबाच्या मुलाला शाळा कोठून मिळणार? त्याला जें मिळालें, तें बापाकडून मिळालें.

त्यांचे वडील वाँग केइ-यिंग हे नामांकित मुष्टियोद्धे होते. कँटनचे दहा वाघ ह्या नांवानें जे दहा वीर लोकांच्या तोंडीं होते, त्यांत त्यांची गणना होई. तथापि वाघाच्या घरीं दारिद्र्य होतें. आपल्याकडे डोंबारी रस्त्यावर खेळ करतो आणि वैदू झाडाखालीं जडीबुटी मांडून बसतो. हीं दोन्ही कामें एकाच माणसानें करावींत अशी कल्पना करा, म्हणजे केइ-यिंग ह्यांचा धंदा ध्यानांत येईल. बाजारच्या चौकांत जागा धरावयाची, काठीचे आणि मुठीचे हात करून गर्दी जमवावयाची, आणि गर्दी जमली कीं मुरगळलेल्या पायावरचा लेप आणि मुक्या मारावरचें तेल विकावयाचें. मुलगा हाताशीं आल्यावर तोही ह्या खेळांत उतरला. बाप एक हात करी, पोर दुसरा. लोक पोराकडे पाहून अधिक पैसे टाकीत, हें सांगावयास नकोच.

औषध आणि मुष्टियुद्ध ह्यांची ही जोडी पाहून आमच्या वाचकांस नवल वाटेल. परंतु त्या देशांत ती स्वाभाविक मानीत. तालमींत रोज कोणाचा ना कोणाचा खांदा निखळतो, मनगट सुजतें, बरगडीला मार बसतो. ज्या वस्तादाला हाड बसवितां येत नाहीं, त्याची तालीम महिनाभरांत ओस पडावयाची. शिवाय हाड कोठें आणि कसें मोडतें हें ज्याला ठाऊक, त्यालाच तें कसें सांधावयाचें हें ठाऊक. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडील जुन्या तालमींतून असे हाड बसविणारे वस्ताद आजही लोकांच्या आठवणींत आहेत; तेव्हां ही गोष्ट आपणांस अगदींच परकी नव्हे.

वडिलांपासून वाँग ज्या संप्रदायाची विद्या शिकले, त्याला हुंग घराणें म्हणतात. ह्या विद्येचा पाया म्हणजे उभें राहणें. पाय रुंद फांकून, गुडघे वांकवून, अदृश्य घोड्यावर बसल्याप्रमाणें स्थिर राहावयाचें. तेंही पळ-दोन पळें नव्हे, तर मांड्या थरथरूं लागून घामानें जमीन भिजेपर्यंत. नव्या विद्यार्थ्याला पुष्कळ दिवस दुसरें कांहीं शिकवीतच नसत. त्यानंतर वाघ आणि बगळा ह्यांच्या हालचालींवरून बसविलेले हात येत. वाघ सरळ झेप घेऊन पंजानें पकडतो, बगळा अंग चुकवून चोंचीनें टिपतो. एक बळाचा, एक युक्तीचा, आणि दोन्ही एकाच शरीरांत नांदले पाहिजेत. पुढें फोशानच्या रस्त्यावर लाम फुक-सिंग नांवाच्या एका योद्ध्याची गांठ पडली आणि त्यापासून वाँग ह्यांस लोहतंतु-मुष्टि नांवाचा अत्यंत कष्टाचा पाठ मिळाला, असें त्यांच्या परंपरेंत सांगतात. ह्या पाठांत वेग जवळजवळ नाहींच. श्वास कोंडून, कंठांतून निरनिराळे स्वर काढीत, बाहू इंचाइंचानें असे पुढें ढकलावयाचे, जणूं भिंत सरकवावयाची आहे. पाहणाऱ्याला कंटाळा यावा आणि करणाऱ्याचे प्राण कंठाशीं यावे, अशी ती विद्या आहे. छायाहीन लाथ म्हणून जो त्यांचा डाव प्रसिद्ध झाला, त्यांत हातांनीं शत्रूची नजर वर गुंतवून खालून पाय असा चालवावयाचा कीं, त्याची सांवलीही दिसूं नये.

तरुणपणींच कँटनच्या तांबट-लोहार कामगारांनीं त्यांस आपले वस्ताद म्हणून बोलाविलें. भात्यापुढें दिवसभर राबणाऱ्या त्या माणसांस संध्याकाळीं हातपाय मोकळे करावयास आणि प्रसंगीं गुंडांपासून आपला बचाव करावयास कोणीतरी शिकविणारा हवा होता. सरकारी फौजेंतही त्यांनीं शिपायांस कवाईत शिकविली. सिंहनृत्यांत तर त्यांचा हात धरणारा कँटनमध्यें कोणी नव्हता, असा लौकिक होता. दोन माणसांनीं एकाच सिंहाचें सोंग पांघरून, ढोलाच्या ठेक्यावर उड्या घेत, उंचावर टांगलेली भाजीची जुडी तोंडानें खुडावयाची, हा खेळ सणावारीं तेथें आजही होतो. त्यांत पुढच्या माणसाचे पाय आणि मागच्या माणसाची कंबर एका जीवाचीं असावीं लागतात.

१८८६ सालच्या सुमारास त्यांनीं कँटनच्या पश्चिम भागांत पो ची लाम ह्या नांवाचा आपला दवाखाना उघडला. हेंच त्यांच्या आयुष्यांतलें खरें घर. चित्रपटांतून हें नांव इतक्या वेळां आलें आहे कीं, चिनी मुलांस तें आपल्या शाळेच्या नांवाइतकें पाठ असतें. येथें दिवसा रोगी येत आणि सकाळ-संध्याकाळ शिष्य. दवाखान्याला मोठें नांव मिळालें तें ल्यू युंग-फू ह्या सेनापतीमुळें. हे काळ्या निशाणाच्या सेनेचे नायक; तोंकिनमध्यें त्यांनीं फ्रेंचांस चांगलेंच जेरीस आणलें होतें. त्यांच्या पायाची दुखापत वाँग ह्यांनीं बरी केली, आणि सेनापतींनीं त्यांस आपल्या सैन्यांत वैद्य व वस्ताद म्हणून घेतलें.

१८९५ सालीं जपानशीं झालेल्या युद्धांत चीन हरला आणि तैवान बेट जपानला देण्याचें ठरलें. बेटावरील लोकांनीं हा तह न मानतां स्वतःचें प्रजासत्ताक उभारलें. त्याच्या रक्षणासाठीं ल्यू तेथें होते आणि वाँगही त्यांच्यासमवेत गेले. पण वाघाचा पंजा आणि बगळ्याची चोंच तोफांपुढें काय करणार? त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ताइनान पडलें; ल्यू समुद्रमार्गानें निसटले, वाँग कँटनला परतले. चित्रपटांत वाँग एकटे पन्नास जणांस लोळवितात. खऱ्या वाँग ह्यांनीं आपली बाजू समूळ हरतांना पाहिली, आणि परत येऊन पुन्हां लोकांचे निखळलेले खांदे बसविण्यास आरंभ केला. आम्हांस ह्या दुसऱ्या गोष्टीचें मोल अधिक वाटतें.

आतां घरची हकीकत. त्यांची पहिली पत्नी लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वारली. दुसरीही गेली, तिसरीही गेली. आपल्या पायगुणानेंच बायका मरतात, अशी समजूत त्या शूर माणसाच्या मनांत घर करून बसली, असें म्हणतात. मुलांपैकीं हान-सम हा वडिलांची विद्या उत्तम शिकला होता आणि त्या विद्येच्याच बळावर पहारेकऱ्याचें काम करीत होता. एका हेवेखोर प्रतिस्पर्ध्यानें दारूच्या बैठकीनंतर त्याला गोळी घालून ठार केलें. ज्या मुलाला वीस-वीस वर्षें घोड्याच्या पवित्र्यांत उभा केला, तो एका क्षणांत, एका गोळीनें गेला. त्या दिवसानंतर वाँग ह्यांनीं आपल्या इतर मुलांस मुष्टियुद्ध शिकविण्याचें बंद केलें. विद्या आली कीं तिच्या मागोमाग वैरी येतो, हें त्यांनीं पाहिलें होतें. पालकवर्गापैकीं ज्यांचीं मुलें मोठीं झालीं आहेत, त्यांस ह्या निश्चयाचा अर्थ समजावून देण्याची गरज नाहीं.

ह्या काळोख्या प्रकरणांत एकच हंसण्यासारखी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. कोणा देवाच्या उत्सवांत वाँग आपले हात करून दाखवीत होते. लाथेच्या झोंकांत त्यांच्या पायांतला जोडा सुटला, तो थेट प्रेक्षकांत उभ्या असलेल्या एका तरुण मुलीच्या तोंडावर जाऊन आदळला. मुलगी घाबरून रडली नाहीं. ती पुढें आली आणि एवढ्या नामांकित वस्तादाच्या सर्वांदेखत थोबाडींत देऊन, आज जोडा सुटला, उद्यां शस्त्र सुटलें तर काय, असें तिनें त्यांस विचारलें. तिचें नांव मोक क्वाइ-लान. पुढें ही मोक क्वाइ-लानच त्यांची चौथी सहधर्मिणी झाली, आणि आपल्या नशिबाची छाया तिच्यावर पडूं नये म्हणून वाँग ह्यांनीं तिला रीतसर पत्नीचा मान न देतां घरीं आणलें, असें सांगतात. ही कथा लोकांच्या तोंडून आलेली आहे. तिचा कागदोपत्रीं पुरावा मागणाऱ्यास आम्ही तो देऊं शकत नाहीं. परंतु मोक क्वाइ-लान स्वतः मुष्टियुद्ध जाणत होती, ही गोष्ट मात्र पक्की आहे. मुलांस जी विद्या त्यांनीं नाकारली, ती ह्या बाईला दिली.

अखेर फार वाईट झाली. १९२४ सालच्या ऑक्टोबरांत कँटनच्या व्यापाऱ्यांच्या सशस्त्र दलाचा आणि सुन यत्-सेन ह्यांच्या सरकारचा उघड संघर्ष झाला. पश्चिम भागांत आगी लागल्या, आणि त्यांत पो ची लाम जळून खाक झालें. औषधांच्या पेट्या, हत्यारें, कागद, जें कांहीं चाळीस वर्षांत जमलें होतें तें सारें गेलें. आज त्यांचें निःसंशय म्हणतां येईल असें एकही छायाचित्र उपलब्ध नाहीं. वृद्ध वाँग ह्या धक्क्यांतून उठले नाहींत. पुढच्याच वर्षीं, १९२५ सालीं, एका धर्मार्थ रुग्णालयांत त्यांचा अंत झाला, आणि पैशाच्या अभावीं अंत्यविधीचा भार शिष्यमंडळींस उचलावा लागला.

येथें एखाद्या सामान्य माणसाचें चरित्र संपलें असतें. वाँग ह्यांचें येथून सुरू होतें, आणि त्याचें कारण एक खाटीक होय.

लाम साइ-विंग हा त्यांचा पट्टशिष्य धंद्यानें डुकराचें मांस विकीत असे. अंगानें दणकट, हातांत सुरा चालविण्याचें बळ, आणि गुरूवर अचल निष्ठा. त्यानें हाँगकाँगमध्यें तालीम काढली आणि गुरूच्या घराण्याचे मुख्य पाठ चित्रांसह पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. त्याच्या शिष्यांत जू यू-चाय नांवाचा एक लेखक होता. त्यानें आजेगुरूंच्या कथा वर्तमानपत्रांतून क्रमशः लिहिल्या. त्या कथांवरून १९४९ सालीं वू पांग ह्या दिग्दर्शकानें पहिला चित्रपट काढला. तोंपर्यंतच्या चिनी युद्धपटांत वीर हवेंत उडत आणि त्यांच्या तळहातांतून विजा निघत. वू पांगनें खरे हात, खरे पवित्रे दाखविण्याचें ठरविलें. त्यासाठीं लामच्याच शिष्यांपैकीं लाउ चाम ह्याला घेतलें. कापड नाटकाचें असेल, पण त्यांतला पीळ खरा होता.

वाँग ह्यांची भूमिका कँटनी संगीत नाटकांतील क्वान ताक-हिंग ह्या नटानें केली आणि ती सत्तराहून अधिक चित्रपटांत केली. एकट्या १९५६ सालीं ह्या मालिकेचे पंचवीस चित्रपट पडद्यावर आले. क्वानचे वाँग म्हणजे मूर्तिमंत सद्वर्तन. पाठ ताठ, वाणी सौम्य, हात उगारण्यापूर्वीं तीनदां क्षमा. घरोघरच्या आया मुलांस त्यांचें उदाहरण देत. आणि ज्याचें उदाहरण आया देतात, त्याचा मुलांस पुढें पुढें कंटाळा येतो, ही गोष्ट आम्ही मास्तर लोक अनुभवानें जाणतों.

तो कंटाळा १९७८ सालीं एका चित्रपटानें घालविला. 'ड्रंकन मास्टर' हें त्याचें नांव. दिग्दर्शक युएन वो-पिंग. त्यानें एकच गोष्ट केली: मूर्ति चौथऱ्यावरून खालीं उतरवून तिला पुन्हां पोर केलें. हा वाँग वर्गांत शिक्षकाची फजिती करतो, खानावळींत पैसे नसतांना भरपेट जेवतो, आणि प्रत्येक वेळीं मार खातो. ह्या मुलाला सरळ करण्यासाठीं बाप त्याला सो नांवाच्या भिकाऱ्याच्या हवालीं करतो. हा भिकारी सो म्हणजे लोकपरंपरेंतील त्याच दहा वाघांपैकीं एक. भिकाऱ्याचें काम दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिएन ह्यांनीं केलें. तेही क्वानच्या जुन्या मालिकेंत मारामाऱ्यांची आंखणी करीत असत. लाल नाक, पिंजारलेले केस, कमरेला दारूचा भोपळा. हा चित्रपट लागून कांहीं महिनेही झाले नाहींत, तोंच १९७९ सालच्या आरंभीं ते वारले.

मुलांनीं मैदानावर ज्याची नक्कल केली तें आतां नीट पाहूं. ह्या चित्रपटांतील निम्मा वेळ शिक्षणांत जातो, आणि तेंच पाहावयास लोक पुन्हां पुन्हां जातात, ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. मुलाला पायांनीं उलटा टांगलेला आहे. डोक्याखालीं पाण्यानें भरलेल्या बादल्या, वर पायांपाशीं रिकामें भांडें. हातांत दोन चिमुकले चहाचे पेले. खालून पेला भरावा, पोटाच्या बळावर वर उठावें, पाणी ओतावें, पुन्हां खालीं यावें. गुरु बाजूला बसून पितो आहे. कामें चुकविण्यासाठीं मुलगा पळून जातो, तों एका भाडोत्री मारेकऱ्याच्या तावडींत सांपडतो. तो मारेकरी त्याला मारीत तर नाहींच, उलट त्याची विजार काढून घेऊन जाळतो आणि त्याला हंसून निघून जातो. तो अपमान सोसून मुलगा आपल्या पायांनीं परत येतो आणि स्वतः होऊन उलटा टांगून घेतो. येथपर्यंत आपण हंसत असतों. येथें क्षणभर हंसणें थांबतें.

दारुड्याच्या मुष्टियुद्धाचें मर्म असें आहे कीं, शत्रूला पडणारा माणूस दिसतो आणि पडणाऱ्याला आपण कोठें पडणार हें पक्कें ठाऊक असतें. पडण्याचा धक्काच प्रहाराचें बळ होतो. आठ सिद्ध पुरुषांच्या चिनी कथेवरून त्याचे आठ हात बसविले आहेत. आठांपैकीं एक सिद्ध स्त्री आहे. तिचे हात बायकी म्हणून मुलगा आळसानें शिकत नाहीं. आणि शेवटच्या लढाईंत, बापाच्या प्राणावर बेतलें असतांना, सात संपतात व नेमका तोच आठवा हवा असतो! परीक्षेला सोडून दिलेलाच धडा यावा, तसला हा प्रसंग. मग तो पोर लाजलज्जा सोडून, मुरकत मुरकत, स्वतःचाच एक आठवा प्रकार जागच्या जागीं रचतो. ज्या हातांस तो बायकी म्हणून हंसला होता, तेच त्याला तारतात, आणि आतां प्रेक्षक त्याला हंसतात.

आणखी एक गोष्ट सांगतों. ह्या चित्रपटांत कॅमेरा बराच वेळ दूर आणि स्थिर उभा असतो. नटाचें सबंध शरीर, टाळूपासून टांचेपर्यंत, एकदम दिसतें. म्हणून फसवितां येत नाहीं. बांक, तिवई, सुरई, पेला, जें हाताशीं येईल तें हत्यार. आणि त्याचा ठेका जुन्या चिनी नाटकांतल्या ढोल-झांजांचा. जॅकी चॅन सात वर्षांचा असतांना त्याला आईबापांनीं हाँगकाँगमधील यू जिम-युएन ह्यांच्या नाट्यशाळेंत दहा वर्षांच्या कराराने घातला होता. पहाटेपासून कोलांट्या, डोक्यावर उभें राहणें, आणि चुकल्यास छडी. पडद्यावर जें उलटें टांगणें आपणांस हंसवितें, तें ह्या मुलांचें बालपण होतें. असें शिक्षण आमच्या शाळेंत असावें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु तें विसरून हंसणेंही बरें नव्हे. मद्याला चित्रपटानें जें अद्भुत सामर्थ्य दिलें आहे, तेंही आम्हांस पसंत नाहीं. ज्याचा मुलगा दारूच्या बैठकीनंतर मारला गेला, त्याच्या नांवावर तें खपवावें, ही गोष्ट मनाला बोंचते. १९९४ सालच्या दुसऱ्या भागांत बाप मुलाला दारूवरून चांगलाच फैलावर घेतो, तेव्हां आम्हांस जरा बरें वाटलें.

तो दुसरा भाग दिग्दर्शित केला लाउ कार-लिउंग ह्यांनीं. हे त्या लाउ चामचे चिरंजीव, म्हणजे वाँगच्या शिष्याच्या शिष्याचे पुत्र. १९७९ सालीं तर खाटकावरच चित्रपट निघाला. 'द मॅग्निफिसंट बुचर' ह्या चित्रपटांत यूंच्याच शाळेंत वाढलेला स्थूल देहाचा समो हुंग लाम साइ-विंग झाला, आणि गुरु म्हणून सत्तरी ओलांडलेले क्वान ताक-हिंग पुन्हां उभे राहिले. त्यांत शत्रु अंगावर येत असतां वृद्ध वाँग हातांतली कुंचली न सोडतां अक्षरें काढीत काढीत लढतात. ही मारामारी ज्यानें पाहिली नाहीं, त्यानें पाहावी. हंसणारा आणि हंसविणारा, पोर आणि वस्ताद, दोघेही त्या एका चित्रपटांत एका छपराखालीं आले आहेत.

घरांतल्या मुलांस नाकारलेली विद्या अशी खाटकाच्या हातून, वर्तमानपत्राच्या पानांतून आणि नाटकवाल्यांच्या अंगांतून जगभर गेली. फोशानला आतां त्यांचें स्मारक आहे आणि तेथें सिंह नाचतात.

मोक क्वाइ-लान पतीच्या मागें मुलांसह हाँगकाँगला आल्या होत्या. त्यांनीं तेथें लहानसा दवाखाना चालविला, हाडें बसविलीं आणि शिष्य शिकविले. १९७८ सालीं त्या शहरांतील चित्रपटगृहें वाँग फेइ-हुंग नांवाच्या एका व्रात्य पोराला हंसत होतीं, तेव्हां त्याच्या थोबाडींत देणारी ती मुलगी म्हातारी होऊन त्याच शहरांत राहत होती. १९८२ सालीं त्या वारल्या.